मोठीचं पान

टिमकीतल्या सोनकुसऱ्यांच्या घरी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची पानं वाढली जायची, आणि त्यातलं एक पान कावळे कधीच शिवायचे नाहीत. आता कावळ्याची जात ती, उकिरड्यावरचं सोडत नाही. आणि आमरस, कुरडया, वडे, चिंचोणी असा सगळा थाट मांडलेल्या पत्रावळीकडे पाठ फिरवायची म्हणजे काय म्हणावं! पण दरसाल तेच. आजा, पणजा, आजी, घरचा गेलेला कर्ता रामाजी, यांची पानं छपराच्या कवेलूंवर ठेवायचा अवकाश, काव काव करत झुंबड पडायची. कडेचं ते एक पान तेवढं वैशाखाच्या उन्हात वाळत पडायचं.

ते पान मोठीचं. मोठी म्हणजे रामाजीची पहिली बायको. अठरा साली मानमोडीचा ताप आला, घरंच्या घरं ओस पडली, त्यात ती गेली म्हणत. त्यानंतर रामाजीनं जिजाबाईला लग्न करून आणलं, आणि रीतीप्रमाणे लग्नातच जिजाबाईच्या गळ्यात मोठीचा टाक बांधला. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उमटवलेली हात जोडलेली बाई. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवत अशी गळ्यात वागवायची. जेवताना पहिला घास टाकाला लावायचा. नवीन लुगडं आधी टाकावरून फिरवायचं, मग आपण नेसायचं. जिजाबाईचं सगळं आयुष्य असं गेलं. केस पांढरे झाले, नवरा गेला, मंगळसूत्र उतरलं, पण टाक काही उतरला नाही.

प्रेमिला या घरात सून होऊन आली तेव्हा तिला हे सगळं बघून थोडं हसूच आलं होतं. उमरेडची पोरगी, चौथीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ. पण पहिलं लेकरू मेलेलंच जन्मलं आणि दुसरं बारशाच्या आधी गेलं, तेव्हा हसू पार पळालं. शेजारची रुखमाबाई भिंतीवरून मान काढून म्हणाली, "मोठी उपाशी हाये वं तुमच्या घरची. उपाशी बाई लेकरंच नेईन, नाहीतर काय नेईन?"

एकदा असं काही कानात शिरलं की ते निघत नाही. घराच्या मधल्या खोलीत रामाजीचा माग होता. तो गेल्यापासून मागावर कोणी बसलं नव्हतं. प्रेमिलाचा नवरा श्रीधर मिलमध्ये साळखात्यात, विणकामावर होता. पण शेवटच्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत तशीच ठेवलेली होती. विणकराच्या घरी फणी रिकामी करत नाहीत. जुन्या ताण्याच्या टोकाला नवा ताणा एकेक धागा पिळून जोडायचा, असं पिढ्यान् पिढ्या चालतं. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, प्रेमिला त्या खोलीत जायची आणि वाऱ्याचा लवलेश नसताना ती टोकं हलताना बघायची. खरंच हलत का तिला वाटत, देव जाणे. पण ती मागे न बघता तिथून बाहेर यायची.

मागच्या अखजीचीच गोष्ट. दुसरं लेकरू जाऊन थोडेच दिवस झाले होते. कावळे सगळं चाटूनपुसून गेले आणि मोठीचं पान राहिलं. जिजाबाईनं ते उतरवून प्रेमिलाच्या हातात दिलं. "जाय, निंबाखालच्या बाईले देऊन ये."

गल्लीच्या तोंडाशी कडुलिंब होता, आणि दर अखजीला त्याखाली एक म्हातारी येऊन बसायची. विटलेलं हिरवं लुगडं, पदर पार कपाळावर. कोणाला काही मागायची नाही. मोठीचं पान नेहमी तिलाच जायचं. त्या दिवशी म्हातारीनं पान घेतलं आणि प्रेमिलाला विचारलं, "लेकरू कोठी हाये वं?"

"नाही राह्यलं," प्रेमिला म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की प्रेमिलाला तिथे उभं राहवेना. ती भराभर परत आली.

यंदा पुन्हा दिवस गेले. फाल्गुनात पोट दिसायला लागलं, आणि पोटाबरोबर भीती. झोपताना पोटावर हात, उठताना पोटावर हात. अखजी वैशाखात. तोवर मोठीनं पान घेतलं पाहिजे, नाही तर हेही जाणार, हे प्रेमिलानं मनाशी धरूनच ठेवलं. रुखमाबाईनं उपायही सांगून ठेवला होता. "'मोठीचं पान, मोठीचं पान' काय करता? मोठी त दर घरात असते. नाव घेतल्याबिगर पान पोचत नाही. नाव पायजे."

बरोबरच होतं ते. बाकीच्या पितरांची पानं नाव घेऊन ठेवत. हिचंच तेवढं नाव नव्हतं. प्रेमिलानं सासूला विचारलं, "आत्याबाई, मोठीचं नाव काय होतं?"

जिजाबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला. "मले नाही माहीत."

"मामाजी कधीच नाही बोलले?"

"सवतीचं नाव सवतीले कोण सांगते वं? गेली ते गेली. तू पोटाकडे पाह्य. मेलेल्याच्या मांगं नोको लागू."

जिजाबाई तशी वाईट बाई नव्हती. सुनेची दोन्ही बाळंतपणं तिनं हातावर झेलली होती. पण रीतीभातीची भारी पक्की. उमरेडची लांबची मावशी गेल्याचा निरोप आला तर भाकरी तव्यावर टाकून उठली होती आणि नेसत्या लुगड्यानिशी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं होतं. मेल्याची आंघोळ म्हणजे मेल्याची आंघोळ. अशा बाईला घरातल्याच मयताचं नाव ठाऊक नसावं, हे प्रेमिलाला पटेना.

मग तिनं श्रीधरच्या मागे लागून त्याला नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या कचेरीत धाडलं. तिथे दत्तोपंत म्हणून एक कारकून मिलमधल्या कोणाच्या तरी ओळखीचा होता. श्रीधर संध्याकाळी डोकं धरून आला. "तो म्हन्ते, बाईचं नाव सांगा. म्या म्हटलं, बापा, नावच त पायजे! तो म्हन्ते, नावाबिगर कोठी पाहू?" तरी दत्तोपंत भला माणूस. त्यानं टिमकीतली त्या सालातली सगळी पानं उलटून बघितली. रामाजी सोनकुसऱ्याच्या घरातलं एकही मरण तिथे लिहिलेलं नव्हतं. "पण त्याचं मनावर घेऊ नका," दत्तोपंत म्हणाला होता, "त्या साली मढी उचलायला माणसं मिळत नव्हती, लिहायला कुठली मिळणार?"

चैत्राच्या सुरुवातीला भाट आला. कोष्ट्यांच्या कुळ्या सांगत घरोघर फिरणारा म्हातारा. त्याला शिधा आणि धोतर दिलं की पुरे. ओसरीवर मांडी ठोकून त्यानं रामाजीचा बाप, बापाचा बाप, त्याच्याही वरचे असे पुरुष घडाघडा म्हणून दाखवले. पैठणहून कोण आलं, उमरेडला कोण थांबलं, सगळं पाठ. प्रेमिला दाराआडून म्हणाली, "अन् बाया?"

"बाया?" भाट हसला. "बायांची नावं आमच्यापाशी नसतात, बाई. त्या चुलीपाशी इचारायच्या."

प्रेमिलाला असा संताप आला की तिला वाटलं, दिलेलं धोतर ओढून घ्यावं. पण म्हाताऱ्याचं शेवटचं बोलणं तिच्या डोक्यात राहिलं. चुलीपाशी काय असतं? भांडी असतात. आणि लग्नात आलेल्या भांड्यावर नाव असतं.

जिजाबाई देवळात गेली ती वेळ साधून प्रेमिलानं घरातलं भांडं न् भांडं उताणं-पालथं करून बघितलं. अशा पोटानं माळ्यावर चढली, ते रुखमाबाईनं बघितलं असतं तर बोंब मारली असती. बहुतेक भांड्यांवर जिजाबाईचं नाव. काही बिननावाची. आणि रोजच्या वापरातला, पाण्याजवळचा तो पितळी गडवा. त्याच्या गळ्याखाली नावाच्या जागी ओरखडेच ओरखडे होते. प्रेमिला त्या गडव्यानं रोज पाणी पीत होती, पण घासायला तो कधी तिच्या हाती आला नव्हता. तो जिजाबाई स्वतः घासायची.

इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या ओळीत नानाजी नावाचा एकजण दुकानांच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचा. छिन्नी, हातोडी आणि तोंडात कायम पान. प्रेमिलानं गडवा पदराखालून काढून त्याच्यापुढे ठेवला.

"काय घालू? नवऱ्याचं नाव?"

"घालायचं नाही. जुनं वाचायचं हाये."

नानाजीनं गडवा उन्हात धरला, पानाचा चुना बोटावर घेऊन ओरखड्यांवर चोळला आणि फडक्यानं पुसला. ठिपक्यांच्या खोलगटात चुना पांढरा राहिला. वरची ओळ गेलेलीच होती. खालची उमटली. 'तुळशीराम पराते कन्हान याजकडून.'

"मामानं देल्ला असन भाचीले, लग्नात असा गडवा मामाच देते," नानाजी म्हणाला. "पन वरचं नाव झिजलं नाही वं. झिजलं असतं त दोन्ही ओळी झिजल्या असत्या. हे कोणीतरी बसून खरडलं हाये."

प्रेमिला गडवा परत पदराखाली घेऊन निघाली. कोणी खरडलं असेल, हे तिला सुचलं नाही असं नाही. पण घरात राहायचं असलं की माणूस काही गोष्टी स्वतःलाच सुचू देत नाही. तिनं चालता चालता फक्त कन्हानचं नाव घोकलं.

कामठीला तिची एक चुलत बहीण दिलेली होती. तिला भेटायला म्हणून प्रेमिला गेली, वाटेत पाणी प्यायला म्हणून गडवा बरोबर घेतला, आणि तिथून टांग्यानं कन्हानला. ऊन असं की टांग्याच्या दांडीला हात लावायची सोय नाही. चौकात रुपराव नावाच्या चहावाल्याला तिनं विचारलं, "भाऊ, तुळशीराम परात्याचं घर कोणतं?"

"तुळशीराम? तो त कव्हाचा गेला, बाई. घरात त्याची भाची राह्यते, मैना बुढी."

"त्याच्या दुसऱ्या कोणत्या भाचीचं नाव माहीत हाये काय? टिमकीले देल्ली होती ते. मानमोडीत गेली."

"दुसरी कोणती?" रुपराव कपबशा विसळत म्हणाला. "एकच त भाची होती त्याले. टिमकीलेच देल्ली होती. जित्ती हाये नं. ते काय, नदीकडच्या अंगाले घर हाये, जाय."

प्रेमिलानं पोटावर हात धरला. पोटातलं लेकरू एकदम निपचित झाल्यासारखं वाटलं तिला. माघारी फिरावं, टांगा करावा, कोणाला काही बोलू नये. पण पाय नदीकडेच चालत राहिले.

दार उघडंच होतं. आत एक बाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं वर बघितलं आणि प्रेमिलानं चौकट धरली. विटलेलं हिरवं लुगडं. निंबाखालची बाई.

"ये वं," म्हातारी म्हणाली. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "उन्हाची काहून आली? बैस. पडशीन."

प्रेमिला बसली. तिनं गडवा पुढे ठेवला. मैनाबाईनं तो उचलला, गळ्याखालच्या ओरखड्यांवर बोट फिरवलं, आणि हसली.

"माहा गडवा. हासून राहिली म्हून भेऊ नोको. रडून रडून झालं माहं कधीचं."

मग तिनं सांगितलं ते असं. मानमोडीत तिला ताप भरला तेव्हा ती मामाकडे आलेली होती. वाटा बंद. इकडची खबर तिकडे जाईना. टिमकीत सासूनं वाट वाट बघितली, आणि शेवटी जिवंत का मेली हे कळावं म्हणून मैनेच्या नावानं एक पान वाढून कवेलूंवर ठेवलं. "अन् कावळा शिवला वं पानाले! अवं, त्या साली कोणाच्या घरी चूल पेटत नोह्ती. कावळे उपाशी. ते दगडबी खाल्ले असते. पन सासूनं डोक्यावरून पानी घेतलं, सोनाराकडून टाक आनला. मले तापानं नाही मारलं. मले कावळ्यानं मारलं."

काही महिन्यांनी बरी होऊन ती टिमकीला परत आली, तर दारात एक नवी नवरी. तेरा-चौदा वर्षांची. गळ्यात टाक.

"म्या पाह्यलं, समजली. पोरीनं इचारलं, कोण पायजे? म्या म्हटलं, पानी पायजे. तिनं माह्याच गडव्यात पानी आनून देल्लं. मले वाचता येत नोह्तं, पन नाव कोठी हाये ठाऊक होतं. पेता पेता नावावरून बोट फिरवलं. पोरीनं पाह्यलं ते. माह्या तोंडाकडे पाह्यलं. म्या गडवा परत देल्ला अन् आली."

"काहून आल्या परत? घर तुमचं होतं!" प्रेमिला ओरडलीच.

"लेकरू होती वं ते. थरथर कापून राहिली होती. एका घरात दोघी कुठं ठेवाव्या, अन् तिचा टाक काय म्हून काढावा? म्या मामाकडेच राह्यली. पन जीव राह्यत नाही नं. अखजीले येते. पाहाले येते का या साली तरी मी मेली का नाही. कावळा शिवत नाही. मंग तुही सासू पान धाडते, अन् मी खाते. माहंच पान मीच खाते."

"त्यांले माहीत हाये? तुमी कोण ते?"

"ना तिनं कधी इचारलं, ना म्या कधी सांगतलं."

प्रेमिला रडायला लागली. तिला म्हणायचं होतं ते तोंडातून निघेना, आणि निघालं तेव्हा वेडंवाकडं निघालं. "माही दोन लेकरं गेली. सगळे म्हन्तेत मोठीनं नेली. हे तिसरं हाये. याले नेऊ नका."

मैनाबाईनं चरखा बाजूला सारला, सरकत आली आणि तिच्या पोटावर हात ठेवला. हात खरखरीत होता, आणि गरम होता. मेलेल्याचा हात असा नसतो.

"मी मेलीच नाही, त तुहं लेकरू कशी नेईन वं? पयलं नाही नेलं, दुसरं नाही नेलं. मागच्या अखजीले तू म्हटलं नाही राह्यलं, त त्या पानातला घास उतरला नाही मले. येडी कुठली. भेऊ नोको. सुखानं बाळंत हो."

छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात, तो काय असतो ते प्रेमिलाला त्या दुपारी कळलं. तिनं डोळे पुसले आणि एक ठरवून टाकलं. "या अखजीले निंबाखाली नाही बसायचं. घरात यायचं. मी पाट मांडते, नाव घेऊन वाढते."

"नाव घेऊन?" मैनाबाईनं गडवा तिच्याकडे परत सारला. मग म्हणाली, "छत्तीस सालं झाली, त्या घरातून कोणी नावानं बलावलं नाही. येईन. पन तुह्या सासूले काही सांगजो नोको. अन् मागावरची टोकं काढली त नाहीत नं? त्या मागावर पयला ताणा म्या जोडला होता. त्याच्याच टोकाले पुढचं सगळं जोडलं असन तिनं."

अखजीच्या दिवशी प्रेमिला पहाटेच उठली. पुरण, आमरस, कुरडया, सगळं स्वतः केलं. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, निंबाखालची बाई येते नं, तिले आज घरात बसवून जेवू घालते."

जिजाबाई आंबे पिळत होती. कोपरापर्यंत हात रसानं माखलेले. "काहून?"

"असंच. माह्या हातानं वाढते."

जिजाबाईनं दुसरा आंबा पिळायला घेतला. प्रेमिलाला वाटलं, आता नाही म्हणणार. पण तिनं कोय बाजूला टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "चांगला पाट ठेवजो. तो हलते तो नोको."

पाट मांडला. पाण्याचा गडवा पाटाशेजारी ठेवला. प्रेमिला दर थोड्या वेळानं दारात जाऊन बघत होती. निंबाखाली सावली तेवढी होती. ऊन डोक्यावर आलं. श्रीधरनं पानं कवेलूंवर ठेवली, पितरांची नावं घेतली, शेवटचं पान ठेवताना नेहमीसारखं "मोठी" म्हणाला, आणि उतरून घरात गेला. निंबाखाली अजूनही कोणी नव्हतं. गाडी चुकली असेल. ऊन लागतं म्हणून हळूहळू चालत येत असेल. प्रेमिला मनाशी असं काय काय म्हणत उभी राहिली.

कावळा आला. बाकीच्या पानांकडे त्यानं बघितलंही नाही. कवेलूंवरून तिरपा चालत कडेला गेला आणि मोठीच्या पानातला वडा उचलला. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. सगळे त्याच पानावर.

"घेतलं वं माय!" रुखमाबाई भिंतीपलीकडून किंचाळली. "घेतलं मोठीनं पान! सुटली पोरी तू!" आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन धावत आली. प्रेमिलाच्या कपाळाला कुंकू, पोटाला हात, तोंडात गूळ. प्रेमिला तिच्या हातात तशीच उभी. तिचे डोळे निंबाकडे होते. गूळ तोंडात होता आणि गिळवत नव्हता.

मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. दोघी तिकडे गेल्या. जिजाबाई विहिरीजवळच्या दगडावर बसली होती. नेसत्या लुगड्यानिशी, सणाच्या, आणि पाटाशेजारच्या त्याच गडव्यानं डोक्यावरून पाणी घेत होती.

"अवं जिजाबाई! आनंदाच्या दिवशी हे काय? कोण गेलं?" रुखमाबाई म्हणाली. उत्तर आलं नाही. तिनं प्रेमिलाकडे बघितलं, काही समजेना, तशी कोयरी झाकून घरी गेली. निरोप पुढे संध्याकाळी आला. कन्हानचा रुपराव चहावाला सायकलवर येऊन सांगून गेला की मैना बुढी काल दुपारी कांड्या भरता भरता गेली, आणि टिमकीच्या सोनकुसऱ्यांना कळवा असं तिनंच आधी सांगून ठेवलं होतं. पण तोवर या घरात आंघोळ होऊन गेली होती.

विहिरीवर, रुखमाबाईची पाठ फिरताच, जिजाबाईच्या हातातून गडवा निसटून दगडावर पडला. "हात चालत नाही वं," ती म्हणाली. "तू टाक पानी."

प्रेमिलानं गडवा उचलला. अंगठा नेमका ओरखड्यांवर आला. "तुमाले माहीत होतं."

"हाव."

"हे नाव तुमीच खरडलं."

"त्याच दिवशी. ते वळणावर दिसेनाशी झाली, अन् म्या खिळा घेऊन बसली."

"दोन लेकरं पुरली मी, आत्याबाई. दोन्ही बखत सगळे म्हटले मोठीनं नेलं. तुमी तठीच होत्या. आयकत होत्या. एक डाव म्हटलं असतं, का ते मेलीच नाही!"

जिजाबाईच्या ओल्या केसांतून पाणी टाकावर ठिबकत होतं. "म्हटलं असतं, त मी कोण राह्यली असती या घरात?"

प्रेमिलाला खरंच वाटलं, हा गडवा विहिरीत भिरकावून द्यावा आणि या बाईला अशीच अर्धी ओली, अर्धी कोरडी ठेवून निघून जावं. इतके दिवस भुताला भ्यालो, आणि भूत इथे रोज आपल्याला भाकरी वाढत होतं. तिनं विहिरीकडे पाऊल टाकलंही. आत पाट मांडलेला होता, त्यावर कोणी बसणार नव्हतं. तिनं बादलीत गडवा बुडवला, भरला, आणि सासूच्या डोक्यावर धरला. पण ओतला नाही.

"नाव घ्या," ती म्हणाली.

"प्रेमिला, माय—"

"नाव घेतल्याबिगर मी पानी टाकत नाही."

जिजाबाईनं टाक मुठीत धरला. छत्तीस वर्षं ज्याला पहिला घास लावला, त्याला ती आता पहिल्यांदाच भ्यायलेली दिसली. "मैना," ती म्हणाली.

"पुरं घ्या."

"मैनाबाई रामाजी सोनकुसरे." आणि ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली.

प्रेमिलानं पाणी ओतलं. मग दुसरा गडवा भरून तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतला, कारण घरातलं माणूस गेलं होतं.